मुलांचा कान बरोबर आहे

चि. सायली,


तुझं पत्र पोचलं. ‘कमळ’ म्हटलं की मुलं दोनच टाळ्या वाजवतात, तिसरी काही केल्या येत नाही, अशी तुझी तक्रार. अगं, चूक मुलांची नाही! आपण लिहितो क-म-ळ, बोलतो मात्र ‘क-मळ्’. शेवटचा अ बोलताना गळतो. तिसऱ्या टाळीचा हट्ट सोड.

घर, बदक, कमळ हे शब्द आपण आधी शिकवतो, कारण काना-मात्रा नसल्याने ते लिहायला सोपे. कानाला ते तितके सोपे नाहीत. मूल ‘घ’ म्हणतं, ‘र’ म्हणतं आणि जोडून ‘घरऽ’ करतं. आपण राहतो तेच हे घर, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून पहिले काही आठवडे पाटी दप्तरातच राहू दे. मामा, मासा, माळी असे शब्द तोंडी घे. तू ‘मा… सा’ असं थांबून म्हणायचं, जोडायचं त्यांनी. आधी जरासंच थांब, मग थांबणं वाढव. ते जमलं की रस, घाम, गाल. स, म, ल हे आवाज लांबवता येतात, ‘रस्स्स्’ म्हटलं की शेवट नीट ऐकू येतो. क, ट, प लांबत नाहीत, त्यामुळे नाक, पाट नंतर. आणि सुटा आवाज म्हणताना मागे अ लावू नकोस. ही सवय मोडायला मुलांपेक्षा बाईंनाच जड जातं.

भेंड्याही लाव, गाण्यांच्या नकोत, नुसत्या शब्दांच्या. ‘साबण’ आला की सगळा वर्ग अडेल. तिथे ‘ण’ऐवजी ‘न’ चालवून घे, आम्हीही घ्यायचो.

लिहायला लागलात की ‘दिवा’ जपून. कानाला द आधी, मग इ; पाटीवर वेलांटी द च्या आधी दिसते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च वेगळा का, असं एखादीनं विचारलं तर तिला गप्प करू नकोस. तिला ऐकू येतंय.

मुळाक्षरं अजून का नाहीत, असं केंद्रप्रमुख विचारतीलच. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानातही वाचनाचं लक्ष्य तिसरीअखेरचं आहे, पहिलीच्या दिवाळीचं नव्हे, एवढं सांग. मग त्यांनाच म्हण, ‘साहेब, एखादा शब्द तोडून सांगा, मुलं जोडतील.’

तुझी,
मावशी