युद्ध, कापूस आणि शेअरबाजार

विद्यार्थी मित्रहो, जेसल पार्कातून तुमच्यापैकी कित्येकांचे पालक रोज सकाळी भाईंदर स्टेशनावर गाडी धरून चर्चगेटला जातात. तेथे उतरल्यावर पश्चिमेस जी जमीन लागते, ती पूर्वी समुद्राखाली होती. हा समुद्र हटविण्याच्या आशेवर एके काळी मुंबईतील असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. आणि त्या अनर्थाचे मूळ होते हजारो कोस दूरचे एक युद्ध.

1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्ये यादवी जुंपली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी दक्षिणेच्या कापसावर चालत. तो मिळेनासा होताच हिंदुस्थानच्या कापसास मागणी आली, मुंबईत भाव कडाडले आणि शहरात अपार पैसा लोटला.

पैसा आला, परंतु विवेक आला नाही. समुद्र हटविण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 रुपयांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. शेअर वायद्याने घेतले जात. म्हणजे भाव आज ठरवावयाचा आणि पैसे पुढील नेमल्या दिवशी द्यावयाचे. बँका शेअर तारण घेऊन कर्ज देत, आणि त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले. कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा पैसे कोणापाशीच नव्हते. बॅकबेचा शेअर 2,000 रुपयांच्याही खाली आला, आणि बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 रुपयांवरून 87 रुपयांवर आला. खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. त्यांनी विश्वविद्यालयास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र आजही उभा आहे.

यावरून काय दिसते? युद्ध म्हणजे मंदी आणि शांतता म्हणजे तेजी, असा सरळ हिशेब नाही. बाजार पुढे काय होईल याच्या तर्कावर हालतो. 1999 साली कारगिलचे युद्ध चालू असतानाही आपल्या बाजाराचा निर्देशांक चढला. उलटपक्षी 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर चाल करताच सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 2,700 अंशांनी घसरला, आणि काही आठवड्यांतच ती हानी भरून निघाली. अशा भीतीच्या दिवसांत, ज्याने स्वतःच्या शिलकीतून शेअर घेतले असतील, त्याला थांबता येते. ज्याने कर्ज काढून घेतले, त्याला सावकार थांबू देत नाही. 1865 साली मुंबई बुडाली ती युद्धामुळे नव्हे, शांततेमुळे तर नव्हेच; ती बुडाली कर्जामुळे.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. उत्तरेच्या ज्या विजयाने सुमारे 40 लक्ष गुलामांच्या बेड्या तुटल्या, तोच मुंबईच्या बाजारास अरिष्ट वाटला. परक्याच्या दुःखावर ज्याचा नफा अवलंबून असतो, त्याला परक्याच्या सुखाचे भय वाटू लागते. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा प्रभूने सांगितलेला दाखला आपण जाणताच. घरी आईवडिलांसमवेत पैशाचा विचार कराल, तेव्हा पाया कशाचा आहे हे प्रथम पाहा.