न सरकणारी, न अडकणारी गाठ

बुडणाऱ्या माणसाकडे दोर टाकायचा आहे. त्याच्या काखेखाली बसेल असे कडे दोराच्या टोकाला हवे. सरकगाठ मारली, तर ओढताच ती त्याची छाती आवळेल. निरगाठ मारली, तर ओल्या दोरात ती सुटता सुटणार नाही. अशा वेळी खलाशी 'बोलाइन' गाठ मारतात. शिडाच्या जहाजावर चौकोनी शिडाची वाऱ्याकडील कड नाळेच्या बाजूला ताणून धरणाऱ्या दोरीला बोलाइन म्हणत. तिच्यावरून गाठीला हे नाव पडले. जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्द्याने १६२७ साली आपल्या पुस्तकात हिचा उल्लेख केला आहे.

२ मीटर दोरी घ्या आणि करून पाहा.

१. दोरी टेबलावर सरळ ठेवा. मोकळे टोक आपल्याकडे, लांब भाग पलीकडे. या लांब भागाला 'ताणदोर' म्हणू.
२. टोकापासून अर्ध्या मीटरवर लहानसा वेढा घाला. टोकाकडील दोरी ताणदोराच्या वरून गेली पाहिजे.
३. हवे तेवढे मोठे कडे ठेवून टोक वेढ्यातून खालून वर काढा.
४. ते ताणदोराच्या खालून पलीकडे न्या आणि पुन्हा वेढ्यातून खाली घाला.
५. एका हाताने ताणदोर, दुसऱ्याने टोक व त्याच्या शेजारची कड्याची दोरी धरून ओढा.

आता कडे टेबलाच्या पायात अडकवून ताण द्या. गाठ सरकत नाही. असे का? ताण वाढतो तसा लहान वेढा आतील दोन्ही दोऱ्यांना अधिक जोराने दाबतो. दाब वाढला की घर्षणही वाढते. शिवाय वळणावरचे घर्षण झपाट्याने वाढत जाते. घर्षणगुणक ०.२५ असेल, तर खांबाभोवतीच्या एका पूर्ण वेढ्यामुळे हातातील जोराच्या सुमारे ५ पट ओढ रोखता येते. दोन वेढ्यांमुळे सुमारे २३ पट!

ताण काढून ताणदोराभोवतीचे वळण अंगठ्याने मागे ढकला. वेढा सैल होतो आणि गाठ सहज सुटते. पण हाच गुण दोषही ठरतो. गुळगुळीत नायलॉनच्या दोरीत, ताण नसताना हिसके बसले, तर ही गाठ आपोआप सुटू शकते. म्हणून टोक दोरीच्या जाडीच्या निदान १२ पट लांब सोडावे. १० मिलिमीटर दोरीला १२ सेंटिमीटर. सराव मात्र टेबलावरच करा. कडे कोणाच्याही गळ्यात घालू नका.

शेवटी एक प्रयोग. दुसऱ्या पायरीत टोकाकडील दोरी ताणदोराच्या खालून नेऊन बाकीच्या कृती तशाच करा. गाठ ताण सोसते का? का बरे?