संयुक्त चिन्हांची घडण : चिनी अक्षर आणि देवनागरी जोडाक्षर

प्रास्ताविक

लिपीतील गुंतागुंतीची चिन्हे बहुधा साध्या अवयवांच्या जुळणीतून सिद्ध होतात. हे अवयव अर्थ सांगतात की उच्चार, यावरून लिपीची प्रकृती ओळखता येते. या पाठात आपण चिनी अक्षराच्या तुलनेत मराठी जोडाक्षराची घडण पाहू.

विषय-विवेचन

चिनी लिपीत 'सूर्य' आणि 'चंद्र' ही चिन्हे शेजारी ठेवली की 'उजळ' या अर्थाचे अक्षर होते. येथे दोन्ही अवयव अर्थ सांगतात. बहुसंख्य चिनी अक्षरांत मात्र एक अवयव अर्थाचे क्षेत्र दाखवतो, तर दुसरा उच्चार सुचवतो. 'आई' या अर्थाच्या 'मा' या अक्षरात डावीकडे 'स्त्री' व उजवीकडे 'घोडा' आहे. घोड्यालाही चिनीत 'मा' म्हणतात, फक्त सूर वेगळा असतो. म्हणून तो अवयव तेथे आला. श्यु शन याने इ. स. 100 च्या सुमारास रचलेल्या कोशात अवयवांच्या आधारे अक्षरांचे 540 गट केले.

देवनागरी जोडाक्षराचे अवयव केवळ ध्वनी सांगतात. ठाण्याहून कल्याणकडे व पुढे जाताना दिसणाऱ्या स्थानकांच्या पाट्या पाहा. 'कल्याण'मध्ये ल चा उभा दंड गळून तो य ला जोडला जातो. 'विठ्ठलवाडी'तील ठ ला असा दंड नाही. म्हणून त्याचा पाय मोडावा लागतो किंवा दुसरा ठ त्याखाली लिहावा लागतो. 'मुंब्रा'त र नंतर उच्चारला जातो, म्हणून तो ब च्या पायाशी तिरप्या रेघेने येतो. 'ठाकुर्ली'त र आधी उच्चारला जातो. तरी तो रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. म्हणजे लेखनातील स्थान आणि उच्चाराचा क्रम नेहमी जुळतातच असे नाही.

मराठीला र चे आणखी एक रूप लागते. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतील. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी येतील. पहिल्या शब्दात र् मागील स्वराला चिकटून उच्चारला जातो, दुसऱ्यात तो य बरोबर पुढे जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हा भेदही असाच. टंकलेखन करताना किंवा मुद्रिते तपासताना येथे रफार देऊन चालत नाही, शब्दच बदलतो.

सारांश

चिनी अक्षराचा अवयव अर्थ किंवा उच्चार सुचवतो. देवनागरी जोडाक्षराचा अवयव निश्चित ध्वनी नोंदवतो. म्हणून जोडाक्षर वाचताना त्याच्या आकाराबरोबरच ध्वनींचा क्रमही ओळखावा.

आपली प्रगती तपासा

1. 'लक्ष्मी', 'तुर्भे' व 'महाराष्ट्र' यांतील जोडाक्षरे उच्चारक्रमाने फोडून लिहा.
2. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.