अत्तरातील ‘बेंझिल बेंझोएट’ किती सुरक्षित?

परभणीच्या उरुसात अत्तराच्या दुकानासमोरून मनगटावर थेंब न घेता पुढे जाणारा माणूस विरळाच. सकाळी लावलेला मोगरा संध्याकाळपर्यंत दरवळतो. यामागे बऱ्याचदा बेंझिल बेंझोएट नावाचे द्रव्य असते.

आम्ल व अल्कोहोल यांचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो त्याला एस्टर म्हणतात. पिकल्या केळ्याचा वास एस्टरचाच. बेंझिल बेंझोएटला स्वतःचा वास अगदी मंद असतो. परंतु ते सावकाश उडते आणि सोबतच्या सुगंधालाही धरून ठेवते. म्हणून साबण, क्रीम व केसांच्या तेलातही ते वापरतात.

वाचकांना हे द्रव्य दुसऱ्या रूपात परिचित असेल. खरजेवर अंगाला लावायचे पांढरे, झोंबणारे औषध ते हेच. त्यात त्याचे प्रमाण 25 टक्के असते. साबण-क्रीममध्ये ते फारच थोडे असते. तेलकट अत्तरात मात्र जास्त असू शकते.

मग धोका कोणाला? बहुतेकांना काहीच होत नाही. काहींच्या त्वचेला मात्र त्याची ॲलर्जी असते. युरोपीय संघाने 2003 साली ॲलर्जी आणू शकणाऱ्या 26 सुगंधी द्रव्यांत याचा समावेश केला. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात 0.001 टक्के व धुऊन टाकायच्या प्रसाधनात 0.01 टक्क्यांहून अधिक असल्यास वेष्टनावर नाव छापणे तेथे बंधनकारक झाले. आपल्याकडील पुष्कळ बाटल्यांवर नुसते ‘परफ्यूम’ एवढेच लिहिलेले आढळते. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

1) नवे प्रसाधन आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये.

2) नुकतीच दाढी केलेल्या, खरचटलेल्या वा इसबाच्या त्वचेवर अत्तर लावू नये. संवेदनशील त्वचेच्या माणसाने ते कपड्याला लावावे.

3) तान्ह्या बाळाला अत्तर लावू नये.

4) खाज सुगंधी पावडरीखाली झाकू नये. ती रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर बहुधा खरूज असते. अत्तर हे तिचे औषध नव्हे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

सुगंध जरूर लावावा. पण त्वचेने तक्रार केली तर तिचे ऐकावे.