पेशीवरील ग्राही आणि वृश्चिकदंश : शमलेली वेदना व उरलेला धोका

आधुनिक शारीरक्रियाविज्ञानात 'ग्राही' या कल्पनेस आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. नित्य व्यवहारात आपण त्यास रिसेप्टर म्हणतो. आरोग्य, व्याधी आणि इंद्रियांस होणारे ज्ञान या तिन्हींचा मार्ग पेशीवरील ग्राहींतूनच जातो. तथापि वेदनेचे ज्ञान करून देणारे ग्राही आणि प्राणास अपाय घडविणारे ग्राही हे अनेकदा परस्परांहून भिन्न असतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास चिकित्सकाची फसगत होते. वृश्चिकदंशात याचा प्रत्यय येतो, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच आधार आम्ही घेतला आहे. औंढा नागनाथ परिसरातील डोंगराळ गावांत, दगडी बांध, सरपण व गोवऱ्यांचे ढीग यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या कुटुंबांस हा विषय अपरिचित नाही.

ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणावर, क्वचित पेशीच्या आत, वसलेला प्रथिनांचा विशिष्ट घडणीचा रेणू. रक्तातून वा चेतातंतूच्या टोकापासून आलेले द्रव्य त्यास नेमके जुळले की त्याचा आकार किंचित पालटतो आणि पेशीच्या आत क्रियांची मालिका सुरू होते. द्रव्य सर्वांगात फिरते, पण प्रतिसाद देते ती ग्राही असलेली पेशीच. औंढ्यानजीक दुधाळा येथे ज्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिचे तत्त्वही काहीसे असेच आहे. गुरुत्वीय लहरी डोंगरातून, घरातून, आपल्या देहातूनही जातात, परंतु त्यांची वार्ता कळते ती त्यासाठीच घडविलेल्या यंत्रास. केंब्रिजचे शारीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ले यांनी १९०५ मध्ये निकोटीन व क्युरारे यांच्या स्नायूंवरील परिणामांवरून अशा 'ग्रहणशील द्रव्या'चे अनुमान मांडले. ज्या मोठ्या कुलात ॲड्रिनॅलिनचे ग्राही मोडतात, त्या कुलावरील संशोधनासाठी लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲड्रिनॅलिन एकच, पण त्याचे कार्य स्थानपरत्वे भिन्न. १९४८ मध्ये आल्क्विस्ट यांनी याचा उलगडा करताना त्याच्या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग कल्पिले. अल्फा-१ ग्राही रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे हातपाय गार पडतात व रक्तदाब चढतो. बीटा-१ ग्राही हृदयाची गती व जोर वाढवितात. बीटा-२ ग्राही श्वासनलिका सैल करतात, आणि दम्याच्या रुग्णास फवाऱ्याने आराम पडतो तो याच योगे. हे तीन ग्राही वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचीच गरज पडणार आहे.

इंद्रियज्ञानाकडे वळू. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राहीस चिकटते, तोच सुमारे ४३ अंश सेल्सिअसवरील उष्णतेनेही उद्दीपित होतो. तिखट खाल्ल्यावर जिभेस 'आग' जाणवते ती यामुळे, जीभ प्रत्यक्षात तापलेली नसते. याउलट पुदिन्याचे फूल शीतग्राहीस जागविते, त्वचेचे तापमान मात्र तेवढेच राहते. या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. तिक्त रसाचे ग्राही मानवात सुमारे २५ प्रकारचे असून ते केवळ जिभेवर नाहीत. श्वासनलिकेच्या स्नायूंवरही ते असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रस-वीर्याच्या अभ्यासकास हे वाचून हर्ष होणे स्वाभाविक आहे. मात्र 'वीर्य म्हणजेच ग्राही', 'दोष म्हणजेच ग्राही' अशी घाईची समीकरणे मांडण्याच्या पक्षात आम्ही नाही. त्याने दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते.

हळदीच्या बाबतीतही असाच संयम हवा. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही आपल्या हिंगोली जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे. परंतु कर्क्युमिन अमुक ग्राहीवर, तमुक ग्राहीवर कार्य करते अशी पत्रके औषधालयांत येऊन पडतात, तेव्हा एक गोष्ट स्मरावी. कर्क्युमिन परीक्षानळीतील चाचण्यांना चकविणारे द्रव्य आहे व ते रक्तात अत्यल्प शोषले जाते, असे २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका सविस्तर समीक्षेने दाखवून दिले. हळदीचा परंपरासिद्ध उपयोग याने खोटा ठरत नाही. पत्रकावरील दावा मात्र सिद्ध होत नाही.

आता मुख्य विषय. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वृश्चिकांचे मंद, मध्य व महाविष असे तीन वर्ग करून एकूण ३० भेद सांगितले आहेत. सर्व विंचू सारखे घातक नाहीत, हे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. महाराष्ट्रात प्राणघातक ठरतो तो मुख्यतः लाल विंचू. त्याचे विष चेतातंतूंवरील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होऊ देत नाही. परिणामी चेतातंतू अविरत उद्दीपित राहतात आणि प्रथम ॲसिटिलकोलीन व पाठोपाठ ॲड्रिनॅलिन-वर्गीय द्रव्यांचा महापूर लोटतो. आरंभी ओकारी, दरदरून घाम, लाळ आणि पुरुषांत शिश्नोत्थान ही लक्षणे दिसतात. त्यानंतर हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. आकुंचित रक्तवाहिन्यांविरुद्ध झुंजता झुंजता हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण गुलाबी फेस टाकू लागतो. म्हणजे मृत्यूचे द्वार विष स्वतः उघडत नाही. रुग्णाचेच ॲड्रिनॅलिन, रुग्णाच्याच अल्फा ग्राहींवर बसून, ते उघडते.

ही साखळी ओळखून चिकित्सा उभी करण्याचे श्रेय मराठवाड्याच्या एका सुपुत्रास जाते. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडनजीकच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. साधनसामग्री तुटपुंजी असताना त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये दंशाची पूर्वलक्षणे व १९८६ मध्ये प्राझोसिनची उपयुक्तता 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्राझोसिन हे रक्तदाबासाठी प्रचलित असलेले, अल्फा-१ ग्राही अडविणारे औषध. ते विषास स्पर्शही करीत नाही, महापुरासमोरचे दार तेवढे लावून घेते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये ७० रुग्णांवर केलेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांहून लवकर बरे झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ग्राहींचा हिशेब एकदा कळला की कोणती औषधे अपायकारक, हे पाठ करावे लागत नाही. घाम व लाळ पाहून ॲट्रोपिन द्यावेसे वाटते. धोतऱ्यातही असणारे हे द्रव्य ॲसिटिलकोलीनचे ग्राही अडविते, म्हणजे हृदयाच्या धावपळीस आवर घालणारी उरलीसुरली शक्तीही काढून घेते. केवळ बीटा ग्राही अडविणारे औषध दिले तर अल्फा ग्राहींस मोकळे रान मिळते. स्टिरॉइड या साखळीत कोठेच बसत नाही, तरी ते आजही टोचले जाते, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आता वेदनेचा प्रश्न. दंश होताच बहुतेक रुग्ण प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात, कारण त्यांना असह्य आग सोसवत नसते. अमृतधारा लावली, बर्फ ठेवला वा दंशस्थानी बधिरतेचे इंजेक्शन दिले की आग शमते, आणि रुग्णास घरी धाडले जाते. परंतु या उपायांची पोच त्वचेतील वेदनावाही तंतूंपर्यंतच आहे, हृदयाजवळ त्यांतील काहीच जात नाही. किंबहुना क्रम उलटा आहे. केवळ तीव्र स्थानिक वेदना असून घाम, ओकारी नाही व हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. ज्यास वेदना बेताची पण हातपाय गार आहेत, तो संकटात असतो. गंभीर रुग्ण सावरू लागला की दंशस्थानीची वेदना पुन्हा जाणवू लागते, अशीही नोंद आहे. म्हणून 'दुखते का?' या प्रश्नाआधी पावलांस हात लावून पाहावा, नाडी व रक्तदाब मोजावा. बालकांच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब नको. घाम, ओकारी, गार हातपाय यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास आडवे ठेवून ग्रामीण रुग्णालयात हलवावे, आणि लक्षणे नसली तरी रात्रभर निरीक्षणाखाली ठेवावे. शुद्धीवर असलेल्या रुग्णास जलसंजीवनी पाजण्यास हरकत नाही, घाम व ओकारीने पाणी बरेच गेलेले असते.

प्राझोसिनची प्रसिद्ध मात्रा शरीरभाराच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी पुन्हा, अशी आहे. ती ठरविण्याचे काम उपचार करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे. औषध दिल्यावर रुग्णास उठवून बसवू नये, मुलास उचलून कडेवर घेऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी कोसळण्याचा संभव असतो. औषधालयचालकांनी येथे विशेष दक्ष राहावे. प्राझोसिनच्या दीर्घकाळ सावकाश विरघळणाऱ्या गोळ्याही बाजारात असतात. त्या रक्तदाबाच्या नित्य रुग्णांसाठी आहेत, दंशात त्यांचा उपयोग नाही आणि त्या फोडून वा कुटून देणे धोक्याचे आहे. चिठ्ठीवर प्राझोसिन आले की साधी गोळी आहे का, हे वेष्टन वाचून पाहावे. ती दुकानात नसेल तर तसे स्पष्ट सांगून रुग्णाच्या नातलगांस तत्काळ रुग्णालयाकडे पाठवावे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत साध्या गोळीचा थोडा साठा ठेवणे अवघड नाही.