तबकडीवरचा डाग पुसण्याआधी

अगं, माळ्यावरून रेकॉर्डींची पेटी निघाली आणि तू लगेच ओलं फडकं घेऊन बसलीस ना? ते फडकं जरा बाजूला ठेव. चार गोष्टी सांगते, त्या ऐकून घे आणि मग खुशाल कामाला लाग. इतकी वर्षं त्या पेटीत पडून होत्या, आणखी एक दिवस पडून राहिल्या तर काही बिघडत नाही. चुकीच्या बाटलीतले चार थेंब मात्र कायमचे नडतात.

सगळ्यात आधी बघायचं, की रेकॉर्ड कशाची आहे. आपल्या घरांतल्या पेट्यांमध्ये बहुधा दोन जाती एकत्र असतात. एक जुनी, जड, साधारण दहा इंचांची. लेबलवर ७८ लिहिलेलं असतं आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची पदं आजी-आजोबांनी ऐकली ती याच तबकड्यांवर. ही लाखेची. लाखेत दगडाची भुकटी मिसळून ती बनवायचे, म्हणून हातातून पडली की तुकडेच. दुसरी एलपी, बारा इंचांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी. ही व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. ती अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे सालावरून अंदाज बांधू नकोस. वजन बघ, लेबल वाच, कडेला नखाने हलकेच टकटक कर. लाखेची खणखणीत वाजते, व्हिनाइलची दबक्या आवाजात.

हे एवढं का सांगते? सुतार लाकडाला पॉलिश करतो तेव्हा चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. आता विचार कर, लाखेच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवलास तर काय होईल? गाण्याच्या खाचाच विरघळतील. म्हणून त्या रेकॉर्डींच्या आसपास स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, काहीही नको. धुण्याचा सोडा, टाकणखार, अमोनियाचं काच पुसायचं पाणी, हेही नको. लाख खारातही विरघळते.

कधी कधी तिसरी जात निघते. मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकतो आणि वर पांढरट, तेलकट थर आलेला असतो. हे बहुधा थेट कोरलेलं ध्वनिमुद्रण असतं. घरातल्याच कुणाचा आवाजही असू शकतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. तिला पाणीसुद्धा लावू नकोस. कागदात गुंडाळून उभी ठेव आणि जाणकाराला दाखव. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारखी संग्राहकांची मंडळी याच कामात मुरलेली आहेत. विचारायला लाजू नकोस.

आता डागांकडे ये. खिडकीशी बस, रेकॉर्ड तिरकी धर आणि उजेड तिच्यावरून फिरू दे. तेलकट बोटांचे ठसे दिसतील, ते जातात. चिकटलेली धूळ जाते. पांढरे-करडे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याची ही देणगी, आणि बरीचशी तीही जाते. पण खाचांवर करडा पट्टा दिसत असेल, तर बोथट सुईने गाणं खरवडलेलं आहे. तो डाग नव्हे, झीज आहे. नखाला लागणारा ओरखडाही जाणार नाही. एलपीवर प्लास्टिकच्या आतल्या पिशवीच्या सुरकुत्यांसारखे धुरकट ठसे असतील, तर त्या पिशवीतलं रसायन व्हिनाइलवर उतरलेलं असतं. धुऊन थोडं कमी होतं, कधी कधी अजिबात होत नाही. आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत बारीक आकडे-अक्षरं कोरलेली दिसतील, ती घासत बसू नकोस. तो मॅट्रिक्स नंबर. त्यावरून संग्राहक रेकॉर्डचा काळ आणि छाप ओळखतात.

एलपी धुवायची रीत सोपी आहे. केमिस्टकडून डिस्टिल्ड वॉटर आण. नळाच्या, त्यातून बोअरिंगच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळतात आणि मग सुईखाली टिकटिक ऐकू येते. अर्धा लिटर पाण्यात रंग-वास नसलेल्या भांड्यांच्या लिक्विडचे दोनच थेंब टाक. जास्त घातलंस तर साबणच खाचांत बसेल. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढ, नाहीतर ओल्या कपड्याखाली तीच धूळ घासली जाते. लेबलवर एखादं झाकण घट्ट धर, कारण त्याची शाई पसरते आणि कागद सुटतो. मग मायक्रोफायबरचं कापड भिजवून खाचांच्या दिशेने, गोल गोल फिरव. आडवं कधीच नाही. जोर लावायचा नाही. पाण्याला काम करू दे, मिनिट-दोन मिनिटं थांब. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या स्वच्छ कापडाने साबण पुसून घे. हे पुसणं बहुतेकजणी आळसाने टाळतात, आणि खरखर राहते ती त्यामुळेच.

वाळवायला स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं ताटाळं उत्तम. सावलीत, उभी ठेवून. उन्हात अजिबात नाही, हेअर ड्रायरही नाही. व्हिनाइल उष्णतेने वाकतं, आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करणं फार अवघड. पूर्ण वाळल्याशिवाय ती पाकिटात जाणार नाही, हेही लक्षात ठेव.

बुरशी असेल तर हे सगळं गॅलरीत कर, तोंडाला मास्क लावून. ते कापड परत दुसऱ्या रेकॉर्डला लावू नकोस, नाहीतर तूच बुरशी घरभर वाटशील. आतलं जुनं पाकीट टाकून दे, कारण बुरशीचे बीजाणू त्यातच दडलेले असतात. एलपीवरचे हट्टी ठिपके साबणाने हललेच नाहीत, तर नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घाल, हलक्या हाताने फिरव आणि लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने पूस. फक्त एलपीवर हं! आणि त्या ऐवजी सॅनिटायझर चालेल का, असं विचारू नकोस. त्यातलं ग्लिसरीन खाचांत चिकटून बसतं.

किमतीच्या चिकटपट्टीचा नाहीतर सेलोटेपचा चिकटा राहिला असेल, तर नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांना हातही लावू नकोस. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन व्हिनाइल मऊ करून खराब करतं. स्टीलच्या डब्यावरचं लेबल काढायला आपण खोबरेल तेल लावतो ना, तेच इथे चालतं. कापसाच्या काडीला थेंबभर घे, फक्त चिकट्यावर लाव, दहा मिनिटं मुरू दे, अलगद उचल आणि मग तिथलं तेल साबणाच्या पाण्याने पूर्ण काढ. तेल राहिलं तर तिथेच नवी धूळ बसेल. नखाने किंवा सुरीने खरवडायचं नाही.

लाखेच्या तबकडीला मात्र हे काही नको. तेच पाणी, तेच दोन थेंब, कापड नीट पिळलेलं, काम झटपट. भिजत ठेवायची नाही, कारण तिला बारीक तडा असेल तर पाणी आत शिरतं. पुसून लगेच कोरडी कर.

धुतल्यावर लावायची घाई झाली असेल तर आधी सुई बघ. ७८च्या खाचा रुंद, एलपीच्या केसासारख्या बारीक, म्हणून दोघींच्या सुया वेगळ्या. भोंग्याच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी ठेवलीस तर एका फेरीत तिचा सत्यानाश. ठेवताना सगळ्या उभ्या ठेव. आडव्या रचल्या की खालच्या लाखेच्या तडकतात आणि एलपी वाकतात. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला चांगली नाही. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यानंतर बदल.

बाई गं, एक अगदी मनापासून सांगते. रेकॉर्ड आरशासारखी चमकली पाहिजे, हा हट्ट सोड. आपल्याला तिचा आवाज हवा आहे. धुतल्यावर गाणं मोकळं ऐकू आलं आणि तरी कोपऱ्यात एक धुरकट ठिपका राहिला, तर तो राहू दे. पुन्हा पुन्हा घासून खाचांचं नुकसानच होतं. पाकिटावर कुणी शाईने नाव लिहिलं असेल, लग्नातल्या आहेराची तारीख असेल, गावातल्या दुकानाचा शिक्का असेल, तर त्यांना डाग समजून पुसायला जाऊ नकोस. ती रेकॉर्ड कुणी, कुठून, कशासाठी घरात आणली, हे सांगायला आता तेवढंच उरलेलं असतं. आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना आजच विचारून वहीत लिहून ठेव.

सुरुवात तुझ्या सगळ्यात लाडक्या रेकॉर्डवर करू नकोस. पेटीतली अशी एलपी निवड, जी गेली तरी कुणाला हळहळ वाटणार नाही. तिच्यावर हात बसू दे, मग बाकीच्या घे. आणि लाखेची की व्हिनाइलची, याबद्दल जराही शंका आली, तर ती रेकॉर्ड बाजूला ठेव आणि मला फोन कर.