जामिनाचा अर्ज हाती घेण्याआधी

अमरावती

चि. ताईस,


अकोल्याच्या बाल न्याय मंडळावर प्रमुख दंडाधिकारी म्हणून तू बसणार, हे कळलं. फार आनंद झाला. तुझ्यापुढे सगळ्यात आधी जामिनाचेच अर्ज येतील, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ तुला पाठ असेल, तरी पुन्हा वाच. पोराला सोडायचं, हा तिथला नियम. अडवायची कारणं तीनच: सुटला तर गुन्हेगार म्हणून ठाऊक असलेल्यांच्या संगतीत जाईल, त्याच्या शरीरा-मनाला किंवा वळणाला धोका पोचेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. गुन्हा किती भयंकर, हे त्यात नाही. सरकारी वकील गुन्ह्याचंच वर्णन करत राहतील. तू विचार, आज रात्री हा कोणाच्या घरी झोपणार?

पुण्याचं उदाहरण समोर ठेव. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याच दिवशी मंडळाने मुलाला जामीन दिला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. लोक खवळले आणि तीन दिवसांत मुलगा निरीक्षणगृहात गेला. २५ जूनला हायकोर्टाने ते डांबणं बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. माझ्या मते जामीन देणं कायद्याला सोडून नव्हतं. पण ज्यांची लेकरं गेली, त्यांच्या दुःखाची काहीच दखल त्या निबंधात नव्हती. आणि नंतर लोकांच्या रागाने कायद्याला मागे सारलं, तेही तितकंच वाईट.

ते पैसेवाल्या घरचं पोरगं होतं. तुझ्यापुढे बहुतेक वेगळी पोरं येतील. धारणीकडचा कोरकू पोरगा मोबाइल चोरीत सापडेल, मायबाप सोयाबीन सोंगायला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही, जामीनदार आणणार कुठून? १९७८ चा मोतीरामचा निकाल आठव. गवंडी माणूस, दहा हजारांचा जामीन, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारलेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते खोडून काढलं. तुझ्या कायद्यात तर जामीनदाराशिवाय, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही सोडता येतं. अट पाळता न आल्याने सात दिवस आत राहिलेल्या पोराला पुन्हा मंडळापुढे आणून अटच बदलायची असते. ती तारीख तू स्वतः बघ, कारकुनावर सोडू नको.

नाकारावं लागेल, तेव्हा नाकार. पण त्याआधी दुसरी वाट शोध. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, तसं काही पेटलं तर पोराला मोहल्ल्यात धोका असतो, हे खरं. मात्र मूर्तिजापूरला मावशी असेल तर तिच्याकडे पाठवता येतं. मंडळातल्या दोघा समाजसेवकांना मोकळेपणी बोलू दे, पोरांची घरं त्यांना जास्त ठाऊक असतात. नाकारण्याची कारणं सविस्तर लिही, आणि मायला समजतील अशा बोलीत तिला तोंडी सांग.

निरीक्षणगृहाची महिन्यातून एक तपासणी कायद्यानेच तुमच्यावर टाकली आहे. पहिली तपासणी रुजू झाल्याच्या आठवड्यातच कर.

तुझा
मामा